आरती प्रभूंची कविता आणि दक्षिण कोकणचे लोकमानस : आचऱ्याच्या गावपळणीच्या संदर्भात एक वाचन

१. प्रश्नाचे स्वरूप

आरती प्रभू, म्हणजेच चिंतामण त्र्यंबक खानोलकर (१९३०–१९७६), यांच्या कवितेविषयी बोलताना मराठी समीक्षेत काही शब्द पुनःपुन्हा येतात. नियती, गूढता, भय, मृत्यू, अगतिकता हे ते शब्द होत. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांमध्ये तर 'नियतीवादी कवी' हे बिरुद इतके रुळले आहे की, ते लिहिले म्हणजे कवितेविषयी लिहावयाचे आणखी काही उरत नाही, असा समज दिसतो. हे शब्द चुकीचे नाहीत. मात्र ते फार व्यापक आहेत. ग्रीक शोकात्मिकेपासून ग्रेस यांच्या कवितेपर्यंत कोठेही ते लावता येतात. आरती प्रभूंच्या कवितेतील भय नेमके कोणत्या जातीचे आहे, त्याला कोणता आकार आहे आणि तो आकार कोठून आला, या प्रश्नांचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

या उणिवेवर दोन उपाय सुचविले जातात. पहिला चरित्रात्मक. दारिद्र्य, अस्थिर उपजीविका, अकाली मृत्यू यांच्या आधारे कवितेतील वेदना समजून घेणे. दुसरा प्रादेशिक. कोकणातील भुतेखेते, देवस्की, माडांची झावळी, समुद्र यांचा प्रभाव म्हणून तिच्याकडे पाहणे. दोन्ही उपायांत तथ्य आहे. परंतु दोन्हीही कवितेच्या घडणीपर्यंत पोचत नाहीत. पहिला कवितेला दुःखाचा पुरावा समजतो, दुसरा तिला स्थलवर्णनाचे रूप देतो. प्रस्तुत लेखात तिसऱ्या दिशेने जाण्याचा प्रयत्न आहे. दक्षिण कोकणातील एक विधी, मालवण तालुक्यातील आचरे गावची गावपळण, समोर ठेवून त्या विधीची रचना आणि या कवितेची रचना यांत कोणते साम्य व कोणता भेद आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. गावपळण हा आरती प्रभूंच्या कवितेचा 'उगम' आहे, असा दावा येथे केलेला नाही. कवीचा जन्म आचऱ्याचा नव्हे, वेंगुर्ले परिसरातील बागलांची राई येथील. विधी येथे वाचनाचे साधन म्हणून घेतला आहे. ज्या लोकमानसातून तो विधी उभा राहिला, त्याच लोकमानसात या कवीची भाषा वाढली, एवढाच त्या दोहोंमधील दुवा आहे, आणि तो पुरेसा आहे.

२. चरित्राची रेषा

८ मार्च १९३० रोजी जन्मलेल्या खानोलकरांचे बालपण व तारुण्य वेंगुर्ले–कुडाळ या पट्ट्यात गेले. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये, म्हणजे कवीच्या निधनानंतर पाच वर्षांनी, अस्तित्वात आला. कुडाळ येथे खानावळ चालवून कुटुंबाचा निर्वाह करण्याचे दिवस त्यांनी पाहिले. त्याच काळात, १९५४ मध्ये, 'सत्यकथे'तून 'आरती प्रभू' हे नाव मराठी वाचकांपुढे आले. कोणताही वाङ्मयीन गोतावळा नसलेल्या, मुंबई–पुण्यापासून दूर असलेल्या एका तरुणाची कविता 'सत्यकथे'सारख्या चोखंदळ मासिकाने स्वीकारावी, ही त्या मासिकाच्याही दृष्टीने लक्षणीय घटना होती.

१९५९ मध्ये 'जोगवा' हा पहिला संग्रह आला. त्याच सुमारास कवीने मुंबई गाठली. तेथे आकाशवाणीवर नोकरी झाली, पण स्थैर्य असे लाभले नाही. १९६२ मध्ये 'दिवेलागण' आणि १९७५ मध्ये 'नक्षत्रांचे देणे' असे पुढील दोन संग्रह निघाले. दरम्यान 'रात्र काळी घागर काळी', 'अजगर', 'कोंडुरा', 'त्रिशंकू' या कादंबऱ्या आणि 'एक शून्य बाजीराव', 'सगेसोयरे', 'अवध्य', 'अजब न्याय वर्तुळाचा' ही नाटके चिं. त्र्यं. खानोलकर या मूळ नावाने प्रसिद्ध झाली. कवितेसाठी एक नाव व गद्यासाठी दुसरे, ही विभागणी त्यांनी अखेरपर्यंत पाळली. २६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहास १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

या रेषेत एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या कवीने आयुष्यभर कोकण लिहिले, त्याचे बरेचसे लेखन कोकणाबाहेर, मुंबईत झाले. गाव सोडल्यानंतर गाव लिहिला गेला. सोडलेल्या गावाकडे बाहेरून पाहणे ही त्या लेखनाची भूमिका आहे, आणि गावपळणीचा संदर्भ येथूनच सुरू होतो.

३. गावपळण : विधी आणि त्याची रचना

आचरे हे मालवणच्या उत्तरेस, खाडीच्या काठी वसलेले, अनेक वाड्यांचे गाव. श्री देव रामेश्वर हे त्याचे ग्रामदैवत. गावऱ्हाटीची घडी तेथे अद्याप शाबूत आहे. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल घेऊन, गावपळणीचा दिवस ठरतो. ठरलेल्या वेळी इशारा होतो आणि सारा गाव घरे सोडतो. माणसे, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे अशी सर्व सजीवसृष्टी वेशीबाहेर जाते. धान्य, भांडी, अंथरूण–पांघरूण बरोबर घेतले जाते. सीमेपलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्या व राहुट्या उभ्या राहतात. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. या काळात गाव देवाच्या आणि अदृश्य शक्तींच्या स्वाधीन असतो, अशी श्रद्धा आहे. मुदत संपली की पुन्हा कौल घेतला जातो. रामेश्वराने कौल दिला तर गाव परततो. न दिला तर मुक्काम वाढतो. या प्रथेत सर्व जातींचे व धर्मांचे ग्रामस्थ सहभागी होतात. मालवण तालुक्यात चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे.

प्रथेच्या उगमाविषयी निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात. कोणी तिचा संबंध साथीच्या रोगांशी लावतात, कोणी वस्तीची हवा शुद्ध व्हावी हा हेतू सांगतात, कोणी तिच्याकडे केवळ देवाज्ञा म्हणून पाहतात. येथे उगमापेक्षा रचना महत्त्वाची आहे. त्या रचनेचे चार घटक दिसतात. एक, घर हे माणसाच्या मालकीचे नसून त्याच्याकडे ठेवलेले आहे, ही जाणीव. दोन, ठरावीक काळी ते मूळ धन्याकडे परत करणे. तीन, सीमेवरचा, ना घरचा ना परका असा मुक्काम. चार, कौल आणि परतणे. गावपळणीच्या झोपड्यांत भयाची छाया फारशी नसते. तेथे भजने होतात, खेळ रंगतात, एकत्र जेवणे होतात. विधीने भय नाकारलेले नाही, त्याला मुदत घालून दिली आहे. मुदत असलेले भय माणसाला सोसते. हा या विधीचा खरा शहाणपणा म्हणावा लागेल.

हे चार घटक आरती प्रभूंच्या कवितेपाशी नेऊन पाहिले असता पहिले तीन तेथे ठळकपणे आढळतात. चौथा आढळत नाही. त्या अभावातच या कवितेची आधुनिकता आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

४. तीन शीर्षके, तीन घटक

तिन्ही संग्रहांची शीर्षके लोकव्यवहारातून घेतलेली आहेत. ती केवळ सुंदर शब्द म्हणून निवडलेली नाहीत.

'जोगवा' म्हणजे देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा. जोगवा मागणारा भिकारी नसतो. घरी अन्न असतानाही तो परडी घेऊन दारोदार फिरतो, कारण जे आहे ते आपले नाही, देवीचे आहे, याची कबुली त्याला द्यावयाची असते. कवीने आपल्या पहिल्याच संग्रहाला हे नाव द्यावे, यात शब्दाविषयीची त्याची भूमिका प्रकट होते. शब्द कवीजवळ ठेव म्हणून येतो. त्यावर त्याचा हक्क नसतो. मर्ढेकरांच्या कवितेत शब्द हा यंत्रयुगाने झिजवलेला, कवीने मोडून–तोडून पुन्हा घडवायचा ऐवज आहे. आरती प्रभूंच्या कवितेत तो हात पसरून घ्यावयाचा आहे. नवकवितेच्या एकाच कालखंडातील ही दोन टोके आहेत. गावपळणीतील पहिला घटक, म्हणजे वस्तू आपली नसल्याची जाणीव, येथे काव्यदृष्टीच्या पातळीवर आलेला दिसतो.

'दिवेलागण' हा शब्द काळाचा आहे. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरची ही वेळ कोकणच्या घरात जपून वागण्याची वेळ असते. उंबऱ्यावर बसू नये, केर काढू नये, पोराला बाहेर ठेवू नये, असे अनेक निर्बंध तिन्हीसांजेभोवती असतात. कारण ती सीमा आहे. आतले आणि बाहेरचे त्या वेळी एकमेकांत मिसळू शकते. आरती प्रभूंची कविता सातत्याने या सीमेवर उभी राहते. समईच्या ज्योतींवरील त्यांच्या प्रसिद्ध कवितेत दिवा उजळण्याची साधी घरगुती कृती आहे. ज्योती कळ्या होतात, स्त्री वाकते, केसांतले फूल पायाशी गळून पडते. उजळणे आणि गळणे एकाच क्षणी घडते. हा क्षण कवी दुःखाचा म्हणून सांगत नाही. तो केवळ दाखवितो, आणि वाचकाला दिव्याबरोबर अंधारही लावला गेल्याचा अनुभव येतो. वर सांगितलेला तिसरा घटक, म्हणजे वेशीवरचा मुक्काम, येथे काळाच्या रूपाने आलेला आहे. गावपळणीत गाव स्थळाच्या सीमेवर राहतो. दिवेलागणीला घर काळाच्या सीमेवर असते.

'नक्षत्रांचे देणे' या शीर्षकातील 'देणे' हा शब्द द्व्यर्थी आहे. मराठीत देणे म्हणजे दान, तसेच देणे म्हणजे कर्ज. नक्षत्रांनी दिलेले, आणि नक्षत्रांचे फेडायचे राहिलेले, असे दोन्ही अर्थ त्यात एकवटतात. ज्या कवितेतून हे शीर्षक आले तिच्यात देणे द्यायचे राहून गेल्याची खंत आहे. कवीच्या हाती उरलेल्या वस्तू अगदी थोड्या, ओल्या आणि क्षणजीवी आहेत. आयुष्य हा काही श्वासांपुरता झालेला मुक्काम आहे. गावपळणीतला दुसरा घटक, म्हणजे ठेव परत करणे, येथे अपूर्ण राहिलेल्या कर्तव्याचे रूप घेतो. गाव वेळेवर घर रिकामे करू शकतो. कवीला आपले घर वेळेवर रिकामे करता आलेले नाही. या कवितेतील वेदना काही गमावल्याची नाही, देणे न फेडल्याची आहे. 'नियती' या शब्दाने ही छटा पुसली जाते. नियतीपुढे माणूस निरपराध असतो. ऋणापुढे तो निरपराध राहत नाही.

येथे 'ये रे घना' या कवितेचाही निर्देश केला पाहिजे. मेघाला दिलेली ही हाक वरवर प्रार्थना आहे. परंतु तिच्यात गंध आवरून ठेवण्याची धडपड आणि नको म्हणत असतानाच तो रानावनात निघून जाणे, अशी घटना घडते. आपल्याजवळचे जे सर्वांत आपले, तेही बाहेरचेच असते, आणि बाहेरच्याने हाक मारली की ते जाते. ही कविता हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतामुळे आणि आशा भोसले यांच्या आवाजामुळे घरोघर पोचली. गीत म्हणून लाभलेल्या लोकप्रियतेने मात्र तिच्यातील धास्ती काहीशी झाकली गेली. अध्यापकाने वर्गात ती गीतापासून क्षणभर सोडवून वाचावयास हवी.

५. न मिळालेला कौल

आता चौथ्या घटकाकडे वळावयाचे. गावपळणीत परतण्याचा मार्ग विधीनेच दिलेला असतो. देवाला विचारता येते. देव उत्तर देतो. उत्तर प्रतिकूल असले तरी ते उत्तर असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारता येते. गाऱ्हाणे घालणारा आणि ऐकणारा यांच्यातील हा संवाद गावऱ्हाटीचा कणा आहे.

आरती प्रभूंच्या कवितेत गाऱ्हाणे आहे, कौल नाही. संबोधन हे या कवितेचे आवडते रूप आहे. 'तू' ला उद्देशून ती अखंड बोलते. हा 'तू' कधी मेघ, कधी स्त्री, कधी ईश्वर, कधी मृत्यू, आणि पुष्कळदा यांपैकी नेमके कोण हे न ठरणारा असतो. संबोधन जितके आर्त होत जाते तितका हा 'तू' अस्पष्ट होत जातो. पारंपरिक भक्तिकवितेत विरहानंतर भेट संभवते, कारण ज्याला हाक मारावयाची तो कोण हे ठाऊक असते. येथे हाक परंपरेची आहे, ऐकणारा मात्र परंपरेने हमी दिलेला राहिलेला नाही. घर सोडून वेशीबाहेर बसलेला गाव आणि कौल घेण्याची सोयच नाहीशी झालेली, अशी ही अवस्था आहे. तीन दिवसांची मुदत येथे आयुष्याएवढी होते.

खानोलकरांच्या गद्यातून या निरीक्षणाला पुष्टी मिळते. 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीचे नाव वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील एका स्थळावरून आले आहे. तिच्यातील परशुरामतात्याला दैवी देणगी लाभते, तिच्याबरोबर अट येते, आणि त्या देणगीचा अर्थ लावण्याच्या भरात अनर्थ ओढवतो. देवाने काही सांगितले आहे याविषयी तात्याला शंका नाही; काय सांगितले हे मात्र त्याला निश्चितपणे कळत नाही. सामूहिक विधीत कौलाचा अर्थ सारा गाव मिळून लावतो. येथे एकट्या माणसावर तो भार आला आहे, आणि एकट्याला तो पेलत नाही. 'चानी'तील गौरवर्णी, भुऱ्या केसांच्या मुलीची कथा याच सूत्राची दुसरी बाजू दाखविते. ती कायमची वेशीबाहेर आहे. तिच्यासाठी परतीचा कौल कोणी घेत नाही. या दोन कादंबऱ्यांवर अनुक्रमे श्याम बेनेगल व व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढले. दृश्यमाध्यमाला या लेखनातील लोकविधीचे बळ जाणवले, याचे हे गमक मानता येईल.

६. भाषेचा प्रश्न

मालवणी बोलीच्या प्रदेशातील या कवीने कविता बहुतांशी प्रमाण मराठीत लिहिली. म्हणून तिच्यातील प्रादेशिकता बोलीशब्दांच्या यादीत शोधणे निष्फळ ठरते. ती उच्चारणाच्या पद्धतीत आहे. गाऱ्हाण्याची लय छोट्या तुकड्यांची, पुनरुक्तीची, प्रत्येक तुकड्यानंतर श्वास घेऊन होकाराची वाट पाहणारी असते. देवळात गाऱ्हाणे घालणारा बोलतो आणि भोवतीचे लोक 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. आरती प्रभूंच्या अनेक कवितांत असे लहान चरण, परत येणारे शब्द आणि चरणांती राहणारी विरामाची जागा आढळते. त्या जागी यावयाचा होकार तेवढा येत नाही. लय सामूहिक विधीची आणि आवाज एकट्याचा, या विसंगतीतून या कवितेचा विशिष्ट स्वर घडतो. तिच्या गेयतेचे रहस्यही येथेच असावे.

७. आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. दक्षिण कोकणाचे लोकमानस जर एवढे निर्णायक असेल, तर त्याच भूमीतील अन्य कवींच्या कवितेत ते का दिसत नाही? देवगड तालुक्यातील धालवलीला जन्मलेले विंदा करंदीकर (१९१८–२०१०) आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगांवकर (१९२९–२०१५) ही त्याची उदाहरणे होत. पाडगांवकर व आरती प्रभू यांचे गाव जवळजवळ एक आणि वयात अंतर एका वर्षाचे. तरीही पाडगांवकरांच्या कवितेत निसर्ग हा माणसाचा सखा आहे. करंदीकरांच्या कवितेत कोकणचे दारिद्र्य सामाजिक विचाराचा आणि माती विज्ञाननिष्ठ ऐहिकतेचा आधार होते.

हा आक्षेप मान्य केला पाहिजे, आणि त्यातूनच प्रतिपादनाची नेमकी सीमा ठरते. प्रदेश कवी घडवीत नाही. तो कवीपुढे काही आकार ठेवतो; त्यांतील कोणता उचलावयाचा हे कवीची प्रकृती ठरविते. करंदीकरांनी श्रमाचा आकार उचलला, पाडगांवकरांनी ऋतूंच्या उत्सवाचा, आरती प्रभूंनी ठेव, सीमा आणि गाऱ्हाणे यांचा. एकाच गावऱ्हाटीत शेत, जत्रा आणि गावपळण ही तिन्ही असतात. म्हणून 'कोकणचा कवी' हे वर्णन तिघांनाही लागू पडते, आणि एकट्याविषयी फारसे काही सांगत नाही.

दुसरी मर्यादा कवितेच्या बाजूची आहे. आरती प्रभूंच्या सर्वच कविता या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्या प्रेमकवितांत निखळ ऐंद्रिय आनंदाचे क्षण आहेत, आणि काही ठिकाणी प्रतिमांची गर्दी अनुभवाला झाकून टाकते. गूढतेचा प्रत्यय आणि अर्थाची संदिग्धता या भिन्न गोष्टी होत. संदिग्ध कवितेला विधीचा संदर्भ जोडून खोल ठरविणे हा समीक्षेचा दोष ठरेल.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. आरती प्रभूंच्या कवितेतील भय हे सर्वसामान्य नियतीभय नसून आपल्याकडे ठेवलेले परत न करता आल्याचे भय आहे. त्या भयाचा आकार दक्षिण कोकणच्या विधिजीवनात सापडतो. ठेव, परतावा, सीमेवरील मुक्काम हे त्याचे टप्पे गावपळणीत स्पष्टपणे पाहावयास मिळतात. आणि विधीत असलेला परतीचा कौल कवितेत नाही. ही अनुपस्थिती तिला लोककवितेपासून वेगळी करून १९५० नंतरच्या आधुनिक मराठी कवितेत आणून बसविते.

या वाचनाचा अध्यापनात एक उपयोग संभवतो. 'नियतीवादी' हे विशेषण पाठ करविण्याऐवजी विद्यार्थ्यापुढे तीन साधे प्रश्न ठेवता येतील. या कवितेत कोणाचे काय कोणाकडे आहे? ते परत करण्याची वेळ कोणती? आणि ज्याला विचारावयाचे तो उत्तर देतो का? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कवितेगणिक बदलतात. ती शोधताना विद्यार्थ्याला कवितेच्या शब्दांपाशी थांबावे लागते. गावऱ्हाटी, गाऱ्हाणी आणि कौलाची परिभाषा यांचा भाषिक अभ्यास मराठी विभागांनी हाती घेतला, तर आरती प्रभूंबरोबरच दक्षिण कोकणातील पुढील पिढ्यांच्या कवितेचे वाचनही अधिक नेमके होईल. आचऱ्याला गावपळण पाहावयास जाणाऱ्या संशोधकाने रिकाम्या घरांइतकेच वेशीबाहेरच्या गाऱ्हाण्याकडे कान द्यावे. या कवितेच्या लयीचा शोध तेथून घेता येईल.